विंडोज, मॅक की लिनक्स : हाताला काय रुचते आणि का?

कृष्णपुरा (धागाकर्ता)

विंडोज १० साठी मिळणारी मोफत सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, आणि तेव्हापासून इंदूरच्या मराठी घरांमध्ये ‘आता पुढे काय?’ हा प्रश्न चहाबरोबर निघू लागला आहे. घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदतवाढ मिळते, परंतु ती तात्पुरती सोय झाली. सिल्व्हर मॉलमधला दुकानदार या प्रश्नाचे उत्तर अर्ध्या मिनिटात देतो : यंत्रात टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आहे का, प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसतो का, बसत नसेल तर नवीन घ्या. खरेदीपुरते हे उत्तर पुरेसे आहे. या धाग्यात मात्र मला आवडीविषयी बोलायचे आहे, कारण दिवसातले कित्येक तास ज्या पडद्यासमोर जातात त्याची मांडणी आपल्याला का रुचते किंवा का खटकते, याचा विचार आपण फारसा करत नाही.

माझे मत आधीच सांगून टाकतो. पडद्यावरची वस्तू जिथे ठेवली तिथेच राहिली पाहिजे, ही माझी पहिली आणि जवळजवळ एकमेव अट आहे. १९९५ मध्ये विंडोज ९५ ने डाव्या खालच्या कोपऱ्यात स्टार्टचे बटण आणले, आणि पुढच्या सतरा वर्षांत कोट्यवधी हातांना तो कोपरा न पाहता सापडू लागला. २०१२ च्या विंडोज ८ मध्ये ते बटण नाहीसे झाले, २०१३ च्या ८.१ मध्ये बटण परतले पण जुना मेनू परतला नाही, तो २०१५ मध्ये विंडोज १० बरोबर आला, आणि २०२१ च्या विंडोज ११ ने सगळी चिन्हे टास्कबारच्या मध्यभागी नेली. यातली मेख अशी की मध्यभागी असलेली ही चिन्हांची रांग नवा प्रोग्राम उघडला की दोन्ही बाजूंना पसरते, त्यामुळे स्टार्टचे बटण थोडे डावीकडे सरकते. प्रोग्राम बंद केला की पुन्हा उजवीकडे येते. डोळ्याला हे सुबक दिसते, परंतु हाताने लक्षात काय ठेवायचे? सेटिंगमध्ये जाऊन ती रांग डावीकडे नेता येते हे मला ठाऊक आहे. पूर्वी टास्कबार पडद्याच्या कोणत्याही बाजूला लावता येत असे. विंडोज ११ आले तेव्हा ती मोकळीक काढून घेतलेली होती.

म्हणून मी लिनक्स मिंटवरचे सिनॅमन (पडद्याची मांडणी करणारे सॉफ्टवेअर) वापरतो. त्याचा जन्मच अशा तक्रारीतून झाला आहे. एप्रिल २०११ मध्ये ग्नोम ३ या लिनक्सवरच्याच मांडणीने खालची पट्टी आणि जुना मेनू काढून टाकला, तेव्हा न रुचलेल्यांपैकी काहींनी जुने ग्नोम २ ‘माते’ या नावाने जिवंत ठेवले, तर मिंटच्या मंडळींनी नव्या पायावर जुन्या वळणाची मांडणी उभी केली. मला हे दुसऱ्या गटाचे काम अधिक शहाणपणाचे वाटते.

आपापली आवड सांगताना कृपया रोजच्या वापरातले कारणही द्यावे, आणि मराठी, हिंदी व इंग्रजी या तिन्ही भाषांत लिहिण्याची सोय कशी वाटते तेही नोंदवावे. ‘अमुक कंपनी चोर आहे’ या स्वरूपाचे प्रतिसाद नकोत.

हिशेबनीस

आपण आवडीविषयी विचारले आहे, पण आमच्या व्यवसायात आवड दुसऱ्या क्रमांकावर येते. टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर विंडोजवर चालते, अशिलांच्या डिजिटल स्वाक्षरीचे टोकन विंडोजवर विनातक्रार ओळखले जाते, आणि मार्च महिन्यात प्रयोग करायला कोणाला वेळ नसतो.

तरीही आपल्या मुद्द्याला मी माझ्या बाजूने पाठिंबा देतो. दिवसभर पेमेंटची नोंद एफ ५, पावती एफ ६, जर्नल एफ ७, विक्री एफ ८ आणि खरेदी एफ ९ या कळांवर चालते, आणि नोंद पक्की करायला कंट्रोल व ए. टॅलीच्या जुन्या आवृत्त्यांवर शिकलेला मुनीम आज टॅलीप्राइमवर बसला, तरी त्याची बोटे याच कळांवर जातात. २०२० मध्ये टॅलीप्राइम आले तेव्हा पडद्याचे रूप बरेच पालटले, आल्ट व जी दाबून कुठेही जाण्याची नवी सोय आली, परंतु या कळांना धक्का लावला गेला नाही. म्हणजे मी ज्या मांडणीत काम करतो ती टॅलीची आहे. खाली विंडोज कोणते आहे, स्टार्ट मध्यभागी आहे की कोपऱ्यात, हे मला संध्याकाळी यंत्र बंद करतानाच जाणवते. आमच्या कार्यालयात माउस खराब झाला तरी काम थांबत नाही, आणि माझ्या दृष्टीने चांगल्या मांडणीची हीच परीक्षा आहे.

रेखाटन

मी पुस्तकांची आणि स्मरणिकांची मांडणी करते आणि मॅकवर काम करते. कृष्णपुराकाका, वस्तू जागेवर राहावी हे मान्य आहे, पण ती कोणत्या जागेवर असावी हा प्रश्न आपण सोडून दिला आहे. पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडलेल्या नियमानुसार लक्ष्यापर्यंत हात पोहोचायला लागणारा वेळ त्याच्या अंतरावर आणि आकारावर अवलंबून असतो. पडद्याच्या कडेला चिकटलेली वस्तू या हिशेबाने फार मोठी ठरते, कारण माउस कितीही जोरात ढकलला तरी बाण कडेपलीकडे जात नाही. मॅकचा मेनू १९८४ पासून पडद्याच्या अगदी वरच्या कडेला आहे, आणि म्हणून तो न पाहता गाठता येतो. विंडोजमध्ये प्रत्येक प्रोग्रामचा मेनू त्याच्या स्वतःच्या विंडोत असतो. विंडो हलली की मेनूही हलला. तेव्हा आपल्या अटीवर मॅक अधिक खरा उतरतो, असे मी आदरपूर्वक सुचवते.

दुसरे कारण अंगठ्याचे आहे. मॅकवर नक्कल करणे, चिकटवणे, जतन करणे या सगळ्यांसाठी कमांडची कळ अंगठ्याने दाबली जाते. विंडोज आणि लिनक्सवर त्याच कामाला करंगळी कंट्रोलपर्यंत ताणावी लागते. आठ तास मजकूर इकडून तिकडे नेणाऱ्या माणसाला हा फरक मनगटात कळतो.

तिसरे कारण अक्षरांचे, आणि माझ्यासाठी तेच सर्वांत मोठे आहे. विंडोज बारीक अक्षर पडद्याच्या ठिपक्यांच्या चौकटीत बसवण्याचा प्रयत्न करते, त्यामुळे कडा ठळक दिसतात पण अक्षराचे मूळ वळण थोडे बदलते. मॅक वळण जपतो आणि कडा किंचित मऊ होऊ देतो. इंग्रजीत हा वाद आवडीचा म्हणून सोडून देता येतो. देवनागरीत मात्र शिरोरेषा, तिच्यावरचा रफार आणि खालचा उकार यांच्यामधल्या जागा इतक्या अरुंद असतात की छपाईत काय येणार आहे ते मला पडद्यावर तसेच दिसणे आवश्यक असते. अतिशय दाट ठिपक्यांच्या नव्या पडद्यांवर हा फरक बराच मिटला आहे, हेही प्रामाणिकपणे नोंदवते.

कृष्णपुरा

रेखाटनताई, कडेचा मुद्दा बिनतोड आहे, पण तो लहान पडद्यावरचा आहे. १९८४ च्या मॅकिंटॉशचा पडदा नऊ इंचांचा होता. आज सत्तावीस इंचांच्या पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात विंडो असेल आणि तिचा मेनू डाव्या वरच्या कोपऱ्यात, तर अंतराच्या हिशेबाने फिट्ससाहेबच आपल्या विरुद्ध साक्ष देतील. उबुंटू या लिनक्सच्या प्रकाराने युनिटी या मांडणीत हाच वरचा मेनू लिनक्सवर आणला होता. २०१७ मध्ये युनिटीच सोडून देण्यात आली. तिच्या अखेरीला इतरही कारणे होती, तरी मला त्या मेनूचे दुःख झाले नाही.

मॅकविषयी माझी खरी अडचण निराळी आहे. लाल बटण दाबले की विंडो बंद होते, पण प्रोग्राम बहुतेक वेळा चालूच राहतो. मॅकवर वाढलेल्या माणसाला हे स्वाभाविक वाटते, कारण तिथे विंडो म्हणजे कागद आणि प्रोग्राम म्हणजे लेखणी अशी विभागणी मुळापासून आहे. विंडोजवरून गेलेल्या माणसाला मात्र आपण दार लावले की नाही याची खात्री वाटत नाही.

मात्रा_वेलांटी

तिन्ही भाषांत लिहिण्याचा प्रश्न धागाकर्त्यांनी विचारला आणि कोणी त्याला हात लावला नाही, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. इंदुरात हा प्रश्न पुण्यापेक्षा वेगळा आहे. आपल्याकडे अर्ज हिंदीत, घरचे पत्र मराठीत आणि ईमेल इंग्रजीत असते, आणि टंकलेखन शिकवणाऱ्या वर्गांमध्ये अजूनही कृतिदेव फॉन्टवर रेमिंग्टन टंकयंत्राच्या वळणाने हात बसवला जातो. मध्य प्रदेश शासनाच्या सीपीसीटी या संगणक-प्रवीणतेच्या परीक्षेत हिंदीसाठी रेमिंग्टन गेल आणि इन्स्क्रिप्ट असे कळफलकांचे दोन पर्याय असतात, आणि दोन्ही युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना समजणाऱ्या अक्षरसंकेतांत. तेव्हा कृतिदेववरच बसलेला हात परीक्षेपुरता तरी युनिकोडकडे वळवावा लागतो.

मी इन्स्क्रिप्टच्या बाजूचा आहे आणि त्याचे कारण पुन्हा जागेचेच आहे. डाव्या हाताखाली स्वर आणि मात्रा, उजव्या हाताखाली व्यंजने, ही विभागणी एकदा बोटांत बसली की ती मराठीला, हिंदीला, इतकेच काय गुजरातीला आणि बंगालीलाही चालते. १९९१ च्या भारतीय मानकात ती नोंदलेली आहे, आणि विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींवर कोणतेही जादा सॉफ्टवेअर न घेता ती मिळते. ‘दऱ्या’ हा शब्द घ्या. ओच्या कळेवर द, शिफ्ट धरून जेच्या कळेवर ऱ, डीच्या कळेवर हलन्त, मग तिरप्या रेघेच्या कळेवर य आणि ईच्या कळेवर काना. शिफ्ट न धरता साधा र घेतला तर ‘दर्या’ होते, आणि डोंगरातून थेट समुद्रात पडल्यासारखे होते. ळ शिफ्ट आणि एनवर, म्हणजे लच्याच कळेवर आहे. हिंदीपुरता विचार करून बनवलेल्या काही उच्चारानुसारी साधनांत ‘दऱ्या’तला हा अर्धा र मिळवायला अदृश्य जोडचिन्ह घालावे लागते. तसे केल्यास शब्द दिसायला सारखाच दिसतो, पण त्याची संकेतमाला वेगळी असते, आणि मग शोध घेताना एकाच फायलीतले दोन ‘दऱ्या’ परस्परांना ओळखत नाहीत.

उच्चारानुसारी लेखन ज्यांना हवे असेल त्यांनी विंडोज १० च्या मे २०१९ च्या आवृत्तीपासून आलेला मराठी फोनेटिक कळफलक पाहावा. लिनक्सवर कगप नावाचा मराठी पर्याय आहे. माझ्या मते ही साधने अधूनमधून लिहिणाऱ्यांसाठी चांगली आहेत; रोज पानेच्या पाने लिहिणाऱ्याला विंडोजच्या फोनेटिक कळफलकाने सुचवलेल्या शब्दांवर सतत नजर ठेवावी लागते आणि त्यात लिखाणाची लय मोडते.

भाषा बदलण्याच्या बाबतीत विंडोजची मांडणी मला सरस वाटते. विंडोजची कळ आणि स्पेस दाबले की पुढचा कळफलक येतो, आणि प्रत्येक विंडोसाठी वेगळा कळफलक लक्षात ठेवण्याची सोय सेटिंगमध्ये आहे. एका विंडोत हिंदी अर्ज आणि दुसऱ्या विंडोत इंग्रजी ईमेल चालू असताना ही सोय फार उपयोगी पडते. मॅकवर कंट्रोल आणि स्पेसने हेच काम होते.

छप्पनवाला

मी आपल्या सर्वांपेक्षा वयाने लहान असेन, म्हणून थोडक्यात लिहितो. माझी ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे फोन. अँड्रॉइडवर बोटाने देवनागरी अक्षर काढले की छापील अक्षर उमटते. कळफलक शिकण्याची गरजच पडली नाही. संगणक मला फक्त प्रोजेक्ट सादर करण्यापुरता लागतो आणि तो ब्राउझर उघडत असेल तर कोणताही चालतो.

काळा_पडदा

धागाकर्त्यांची अट काटेकोरपणे लावायची असेल तर विंडोज, मॅक आणि सिनॅमन हे तिघेही नापास होतात, आणि टर्मिनल, म्हणजे आज्ञा टंकून काम करण्याची खिडकी, पहिल्या श्रेणीत उत्तीर्ण होते. लिनक्स आणि मॅक ज्या वळणाचे आहेत त्या युनिक्सचे काम बेल प्रयोगशाळेत १९६९ मध्ये सुरू झाले. फायलींत शब्द शोधणारी ग्रेप ही आज्ञा १९७० च्या दशकातली आहे, व्हीआय हा संपादकही त्याच दशकातला, आणि त्या काळी शिकलेला माणूस आज लिनक्सच्या किंवा मॅकच्या टर्मिनलवर बसला तर त्याला जुन्याच आज्ञांनी काम करता येईल. आज्ञा टंकायची असते, ती पडद्यावर कुठे आहे हे शोधायचे नसते. जागा बदलण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. शिवाय एका आज्ञेचे फलित दुसरीला जोडता येते. हजार फायलींतून एखादे आडनाव असलेल्या ओळी काढून, त्या क्रमाने लावून, पुनरुक्ती गाळून नवी यादी करणे हे माउसने करायचे म्हटले तर दुपार जाईल.

रेखाटनताईंच्या कमांडच्या कळेला मी आणखी एक गुण जोडतो. टर्मिनलमध्ये कंट्रोल व सी म्हणजे चालू काम थांबवणे. लिनक्सवर तीच जोडी इतरत्र नक्कल करण्यासाठी असल्याने टर्मिनलमध्ये नक्कल करायला शिफ्टही धरावे लागते. मॅकवर दोन्ही कामांच्या कळा वेगळ्या असल्याने हा घोळ होत नाही.

दुर्दैवाने देवनागरीचा आणि टर्मिनलचा अजून नीट मेळ बसलेला नाही. टर्मिनल प्रत्येक अक्षराला ठरावीक रुंदीचे घर देते, आणि आपली जोडाक्षरे व मात्रा त्या घरांत मावत नाहीत. ‘क्षत्रिय’ लिहिल्यावर पुढचा कर्सर भलत्याच ठिकाणी उभा असतो. मराठी मजकुरासाठी मी मुकाट्याने लिबरऑफिस हे लेखनाचे सॉफ्टवेअर उघडतो.

स्नेहलतागंज_आजी

माझे डोळे आता पूर्वीसारखे राहिलेले नाहीत, आणि या धाग्यावर वयस्कर वापरकर्त्यांचा कोणी उल्लेख केला नाही, म्हणून लिहिते. मला कोणती प्रणाली आवडते याचे उत्तर असे की जिच्यात बटण हे बटणासारखे दिसते ती. विंडोज ९५ मध्ये बटणाला उठाव असे, दाबले की ते आत गेल्यासारखे दिसे. विंडोज ८ आणि त्यानंतर २०१३ मध्ये आयफोनचे आयओएस ७ यांच्यापासून सगळे सपाट झाले. आता एका ओळीत चार शब्द दिसतात आणि त्यांतला कोणता दाबायचा आणि कोणता नुसता वाचायचा हे ओळखायला प्रत्येकावर बाण नेऊन पाहावा लागतो.

स्क्रोलबारचेही तेच. पूर्वी उजवीकडे रुंद पट्टी असे, त्यावरून पान किती मोठे आहे आणि आपण कुठवर आलो हे समजे. २०११ मध्ये मॅकवर ती लपू लागली आणि मग सगळीकडे लपली. नातवाने मला मॅकवर, विंडोजवर आणि मिंटवर अशी तिन्हीकडे ती कायम दिसण्याची सेटिंग शोधून दिली. सोय आहे, पण ज्याला तिची गरज आहे त्यालाच ती सापडणे कठीण आहे. बाकी अक्षर मोठे करण्याच्या बाबतीत सिनॅमनमधला नुसते अक्षर मोठे करण्याचा पर्याय मला बरा वाटला. विंडोजमध्ये सगळ्याचे प्रमाण वाढवले की माझ्या जुन्या लॅपटॉपच्या पडद्यावर काही चौकटींची खालची बटणे दिसेनाशी होत.

कृष्णपुरा

आजी, आपला प्रतिसाद वाचून वाटले की माझ्या अटीत एक भर घालायला हवी : वस्तू जागेवर असावी आणि ती तिथे आहे हे दिसावेही. लपलेल्या पट्टीची जागा बदललेली नाही असे म्हणणे ही नुसती पळवाट आहे.

काळा_पडदा यांच्याशी मी निम्मा सहमत आहे. आज्ञा स्थिर असतात खऱ्या, पण त्या आधी ठाऊक असाव्या लागतात. मेनूचा मोठा गुण हा की काय काय करता येईल याची यादी तो न विचारता समोर ठेवतो.

हिशेबनीस, आपल्यासाठी एक प्रश्न. मिंटमध्ये व्हर्च्युअलबॉक्स (एका प्रणालीच्या आत दुसरी चालवणारे सॉफ्टवेअर) घालून आत विंडोज चालवले आणि स्वाक्षरीचे टोकन आतल्या विंडोजकडे सोपवले, तर आपले काम भागणार नाही का? यूएसबी उपकरण असे सोपवण्याची सोय त्यात आहे.

हिशेबनीस

भागेल, पण आतल्या विंडोजलाही परवाना आणि अद्यतने लागतीलच, म्हणजे ज्या प्रश्नापासून आपण निघालो तो पेटीत घालून घरातच ठेवल्यासारखे होईल. विवरणपत्राच्या शेवटच्या दिवशी टोकन ओळखले गेले नाही तर दोष बाहेरच्या प्रणालीचा की आतल्या, हे शोधत बसणे मला परवडणारे नाही. कार्यालयात विंडोज ११ ची नवी यंत्रे घेतो आहे. जुन्यांपैकी एक घरी नेऊन त्यावर मिंट घालून पाहीन.

रेखाटन

मात्रा_वेलांटी यांना एक विचारायचे होते. मिंटवर किंवा विंडोजवर तयार झालेला मजकूर माझ्याकडे येतो तेव्हा त्यात पुष्कळदा ल आणि श हिंदी वळणाचे असतात, म्हणजे दंडाला जोडलेला ल आणि वर गाठ असलेला श. फॉन्ट तोच ठेवून मराठी वळण मिळते का?

मात्रा_वेलांटी

फॉन्टमध्ये मराठी वळणाची अक्षरे अंतर्भूत असतील तर मिळते. लोहित देवनागरीत आणि नोटो सान्स देवनागरीत ती आहेत. मात्र फॉन्ट ती आपणहून दाखवत नाही; मजकुराची भाषा मराठी आहे असे प्रोग्रामने त्याला सांगावे लागते. लिबरऑफिसमध्ये सगळा मजकूर निवडून अक्षरांच्या सेटिंगमध्ये जावे आणि गुंतागुंतीच्या लिपींसाठी असलेल्या भाषेच्या रकान्यात हिंदीच्या जागी मराठी निवडावे. ल आणि श तिथल्या तिथे बदललेले दिसतात. इंदुरात बसवलेल्या यंत्रांत तो रकाना बहुधा हिंदीवर असतो, कारण दुकानदार हिंदी कळफलक घालून देतो आणि मराठी मजकूरही त्यावरच लिहिला जातो. म्हणून मजकूर पाठवणाऱ्यांनी मराठीचा कळफलक वेगळा जोडून घेतला, तर भाषेची नोंद लिहितानाच बरोबर होते. मंगल किंवा इतर कोणत्या फॉन्टमध्ये मजकूर येतो तेवढे कळवले, तर त्याप्रमाणे पुढचे सांगता येईल.